कुठला पंखा फिरतोय?

“ताई, कार्डाचे पंखे फिरतच नाहीयेत,” धाकटा भाऊ कॅबिनेटच्या काचेला नाक लावून म्हणाला.

पडद्यावर आमचा लहानपणचा रेसिंग गेम उघडला होता. केशरी आकाश, लांबवर दिसणारा उड्डाणपूल, सगळं ओळखीचं. पण बटण दाबलं तरी गाडी धावत नव्हती. फोटोंचा अल्बम उलटत जावा तशी एकेक पान पुढे सरकत होती. कोपऱ्यातला आकडा ४ वर अडकला होता, म्हणजे सेकंदाला चार फ्रेम. प्रोसेसरवरचा पंखा जोरात घोंगावत होता आणि ग्राफिक्स कार्डाचे दोन्ही पंखे शांत. मी अर्धा तास गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या कमी कर, रिझोल्यूशन उतरव असं करत बसले होते. मी पडद्याकडे बघत होते, त्याने मशीनकडे बघितलं.

लिनक्सवर येऊन मला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. मशीन मात्र ठणठणीत होतं. १६ जीबी मेमरी, रेडिऑन आरएक्स ५८० कार्ड. ते अडगळीत टाकायला मन धजेना, म्हणून आर्च या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेलं एक लिनक्स टाकलं. ब्राउझर, कागदपत्रं, फोटो यांचं बस्तान दोन दिवसांत बसलं. उरले गेम. ते चार होते. एक हा रेसिंगचा, डायरेक्ट३डी ९ च्या काळातला आणि ३२ बिट, म्हणजे जुन्या घडणीचा. (डायरेक्ट३डी म्हणजे विंडोजवरचे गेम ज्या भाषेत चित्र काढायच्या आज्ञा देतात ती.) दुसरा मोठा रोल-प्लेइंग गेम, डायरेक्ट३डी ११ वर चालणारा. त्यात मी ऐंशी तास घातले होते आणि गोष्ट अगदी शेवटाला आली होती. तिसरा नवा, डायरेक्ट३डी १२ चा. चौथा मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळायचा.

हा प्रयत्न मी पहिल्यांदा करत नव्हते. २०१५ च्या सुमारास एका जुन्या लॅपटॉपवर वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून बघितलं होतं. वाइनमध्ये तेव्हा डायरेक्ट३डीच्या आज्ञा ओपनजीएल या चित्र काढायच्या दुसऱ्या भाषेत बदलल्या जायच्या. जुने गेम त्यावर बरे चालायचे, पण डायरेक्ट३डी ११ चा गेम म्हटला की बहुतेक वेळा काळा पडदा. मी दोन रात्री घालवल्या आणि सोडून दिलं. त्यामुळे या वेळी मनात धाकधूक होती, आणि ४ हा आकडा बघून वाटलं, झालं, पुन्हा तेच.

पण भावाच्या त्या एका वाक्याने प्रश्नच बदलला. गेम हळू का चालतोय हे शोधायचं नव्हतं. चित्र काढतंय कोण, हे शोधायचं होतं.

ते शोधायचं तर गेमची आज्ञा कार्डापर्यंत कशी पोहोचते हे नीट समजून घेणं भाग होतं. मी ते आधी केलं नव्हतं, सरळ ‘प्ले’ दाबलं होतं. वाइन म्हणजे एम्युलेटर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) नव्हे, हे त्याच्या नावातच सांगितलंय: वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर. गेमची एक्झी फाइल ज्या प्रोसेसरसाठी बनली, तोच प्रोसेसर माझ्या मशीनमध्ये आहे. तिच्या सूचना तो थेट चालवतो, मध्ये कुणी लागत नाही. गेम जेव्हा विंडोजकडे काही मागतो, फाइल उघडून दे, खिडकी काढ, वेळ सांग, तेव्हा वाइन पुढे येऊन ते काम लिनक्सकडून करून देतं. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प १.० आवृत्तीला पोहोचला तो जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! विंडोजचा एकेक कोपरा बाहेरून चाचपून पुन्हा लिहिणं हे केवढं काम असेल याचा अंदाज मला या आकड्यावरून आला.

चित्राचं काम मात्र इतकं मोठं आणि इतकं वेळेला बांधलेलं असतं की त्याला वेगळा थर लागतो. साठ फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात गेम हजारो आज्ञा देतो. या आज्ञा गेम डी३डी९.डीएलएल किंवा डी३डी११.डीएलएल या फायलींकडे सोपवतो. डीएक्सव्हीके हे या आज्ञांचं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर त्याच नावांच्या स्वतःच्या फायली तिथे ठेवतं. गेमला पत्ताही लागत नाही. तो नेहमीसारखा डायरेक्ट३डीत बोलतो, फाइल ते व्हल्कन या कार्डाशी बोलायच्या नव्या भाषेत बदलते, व्हल्कनचा ड्रायव्हर कार्डाच्या भाषेत आणतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते कार्डाकडे पोचवतो. व्हल्कनची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. ओपनजीएलपेक्षा ते कार्डाच्या कितीतरी जवळ जातं, त्यामुळे डायरेक्ट३डी ११ ला जे सूक्ष्म नियंत्रण लागतं ते त्यात मिळतं. २०१५ मध्ये माझ्या लॅपटॉपवर हे अख्खं मधलं पाऊलच अस्तित्वात नव्हतं.

डीएक्सव्हीके सुरू केलं फिलिप रेबोले यांनी, आणि कारण अगदी घरगुती होतं: त्यांना ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. २०१८ च्या सुरुवातीला त्यांचं काम लोकांसमोर आलं, स्टीम हे गेमांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने त्याला पाठबळ दिलं आणि २१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन जाहीर झालं. मला हे वाचून फार बरं वाटलं. एका माणसाला एक गेम खेळायचा होता, आणि त्यापायी माझ्यासारख्या कितीतरी जणांचे जुने गेम परत मिळाले.

आता ४ फ्रेमकडे. गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये डीएक्सव्हीकेची माहितीपट्टी पूर्ण दाखवायची सूचना टाकली. गेम उघडला तसा डाव्या कोपऱ्यात कार्डाचं नाव आलं, आणि ते रेडिऑन नव्हतं. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलं होतं. हे कार्ड नव्हेच. हा मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातला सॉफ्टवेअर ड्रायव्हर, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका प्रोसेसरकडून रंगवून घेणारा. म्हणून प्रोसेसरचा पंखा ओरडत होता आणि कार्ड झोपलं होतं.

मग गोंधळ वाढला. व्हल्कनची माहिती देणारी आज्ञा टर्मिनलमध्ये चालवली तर तिने रेडिऑन व्यवस्थित दाखवलं. फिरणारा ठोकळा दाखवणारा छोटा चाचणी प्रोग्रामही कार्डावर सुरळीत चालला. रोल-प्लेइंग गेमचा मेन्यू उघडून बघितला, तिथेही रेडिऑन. फक्त रेसिंगच्या गेमलाच कार्ड दिसत नव्हतं. तासभर मी त्या गेमच्या फायली तपासत होते, त्याच्याच कुठल्या तरी खोडीचा संशय घेऊन.

सुटलं ते अचानक, जेवताना. चाचणीचे सगळे प्रोग्राम ६४ बिट होते. हा एकटा ३२ बिट. ३२ बिट प्रोग्रामला ६४ बिट ड्रायव्हर वापरता येत नाही, त्याला स्वतःचा ३२ बिट ड्रायव्हर लागतो. व्हल्कनच्या ड्रायव्हरांची ओळखपत्रं एका फोल्डरमध्ये छोट्या जेसॉन फायलींच्या रूपात पडलेली असतात. तो उघडला. ३२ बिट फायलींच्या नावात आय६८६ असतं. रेडिऑनची तशी फाइल नव्हती, सॉफ्टवेअर ड्रायव्हरची मात्र होती. मग आठवलं. स्टीम टाकताना पॅकेज मॅनेजरने विचारलं होतं की ३२ बिट व्हल्कन ड्रायव्हर यांपैकी कोणता हवा, आणि मी यादी न वाचता एक आकडा दाबून पुढे गेले होते. रेडिऑनचं ३२ बिट पॅकेज टाकलं, गेम पुन्हा उघडला. भाऊ या वेळी काचेजवळच बसला होता. “फिरले!” तो ओरडला, गाडी सुटायच्या आधीच.

तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिलं हेच सांगते: आधी कोपऱ्यात कार्डाचं नाव बघ. सेटिंग नंतर. आणि ६४ बिट चाचणी पास झाली म्हणजे ३२ बिट गेमचं भागलं असं समजू नकोस.

त्या गेमबद्दल आणखी एक. त्याची भौतिकी फ्रेमच्या वेगाशी जोडलेली आहे, साठच्या वर गेलं की गाडी वळणावर उगाच उडते. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, त्यामुळे विंडोजवरही हा त्रास व्हायचा. डीएक्सव्हीकेची एक साधी मजकूर फाइल असते, तिच्यात डायरेक्ट३डी ९ साठी फ्रेमची कमाल मर्यादा ६० लिहिली आणि गाडी जमिनीला चिकटली. डायरेक्ट३डी ९ चा हा भाग मुळात डी९व्हीके नावाने जोशुआ अ‍ॅश्टन यांनी वेगळा लिहिला होता, तो डिसेंबर २०१९ मध्ये १.५ आवृत्तीत डीएक्सव्हीकेत सामील झाला. इतक्या जुन्या गेमांची कुणी इतक्या निगुतीने काळजी घेतंय, हे मला मोलाचं वाटतं.

रोल-प्लेइंग गेमने वेगळ्या तऱ्हेने दमवलं. पहिली अडचण तर चित्राशी संबंधितच नव्हती. हा गेम डिस्कच्या जुन्या विंडोजच्या भागावर, म्हणजे एनटीएफएस पार्टिशनवर, पडून होता. नव्वद जीबी पुन्हा उतरवण्यापेक्षा स्टीमला तोच फोल्डर दाखवला. मेन्यूपर्यंत एकदा पोचला, तोही मी तो लिनक्सच्या पार्टिशनवर हलवून बघितला तेव्हा. मूळ जागेवरून उघडायला गेलं की ‘प्ले’चं ‘स्टॉप’ व्हायचं आणि दोन सेकंदांत परत ‘प्ले’. ना चूक, ना संदेश. प्रोटॉनचा लॉग चालू केल्यावर कारण दिसलं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं नकली विंडोज उभं करतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्यात सी ड्राइव्ह असतो, रजिस्ट्री असते, आणि एका फोल्डरमध्ये ‘सी:’ आणि ‘झेड:’ अशा नावांचे दुवे असतात. विंडोजच्या नियमांनुसार फाइलच्या नावात कोलन चालत नाही, आणि माझं एनटीएफएस पार्टिशन ते नियम पाळायच्या सेटिंगने जोडलं गेलं होतं. दुवा तयारच होईना. विंडोजचा सी ड्राइव्ह विंडोजच्याच पार्टिशनवर उभा राहू शकत नाही, अशी ही गोष्ट. गेम कायमचाच लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर हलवला आणि हा प्रश्न मिटला.

ते ऐंशी तास प्रीफिक्सच्या आत नेऊन ठेवायचे होते. स्टीमच्या कॉम्पॅटडेटा फोल्डरमध्ये प्रत्येक गेमचा क्रमांक असतो, त्याच्या आत पीएफएक्स, त्यात ड्राइव्ह_सी, मग यूझर्स, मग स्टीमयूझर, मग डॉक्युमेंट्स. जुन्या पार्टिशनवरून सेव्हच्या फायली त्या जागी कॉपी केल्या, गेम उघडला, ‘कंटिन्यू’ दाबलं. माझी नायिका त्याच टेकडीवर उभी होती जिथे मी तिला सोडलं होतं, पाठीवर तेच धनुष्य. मी थोडा वेळ काही न दाबता नुसती बघत राहिले.

मग टेकडी उतरून शहराच्या वेशीतून आत शिरले आणि सगळं अडखळायला लागलं.

हे अडखळणं रेसिंगच्या गेमसारखं नव्हतं. सरासरी साठच होती. पण कोपरा वळला की एक झटका, पहिल्यांदा मशाल पेटली की झटका, पाऊस सुरू झाला की लागोपाठ तीन. तोच रस्ता दुसऱ्यांदा चालले तर एकही झटका नाही. म्हणजे नवीन काही दिसलं की मशीन क्षणभर थबकत होतं. माहितीपट्टीत कंपायलरची ओळ चालू केली आणि प्रत्येक झटक्याला खालच्या कोपऱ्यात शेडर कंपाइल होत असल्याची सूचना उमटायला लागली.

या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि खरं सांगायचं तर मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळाला. शेडर म्हणजे कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम: हा दगड कसा चमकेल, या पानातून ऊन कसं झिरपेल हे ठरवणारा. कंपाइल करणं म्हणजे तो कार्डाला चालवता येईल अशा रूपात आणणं. डायरेक्ट३डी ११ मध्ये गेम शेडर वेगळे देतो, रंग कसे मिसळायचे ते वेगळं सांगतो, कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे कसं तपासायचं ते वेगळं, आणि ऐन चित्र काढताना यांपैकी हवे ते एकत्र जुळवतो. व्हल्कनची मूळ रचना याच्या उलट. तिला हे सगळं आधी एकत्र हवं, एक अख्खी पाइपलाइन म्हणून, म्हणजे ड्रायव्हरला ती निवांत कंपाइल करून ठेवता येते. बिचाऱ्या डीएक्सव्हीकेला कोणता शेडर कोणत्या अवस्थेबरोबर येणार हे कळायचं ते गेम ‘काढ’ म्हणतो त्या क्षणी. तेव्हा कंपाइल करायला बसलं की १६.६ मिलिसेकंदांची मर्यादा केव्हाच उलटून जायची. दोन्ही बाजूंची रचना आपापल्या जागी योग्य आहे. ओढाताण होते ती मधल्या दुव्याची.

यावर लोकांनी बरेच उपाय केले. दिसलेल्या जोडण्या डिस्कवर लिहून ठेवायच्या म्हणजे पुढच्या वेळी आधीच कंपाइल करता येतील, हा डीएक्सव्हीकेचा स्वतःचा उपाय होता. दुसरा एक पॅच फिरत होता, जो कंपाइल होईपर्यंत ती वस्तू काढायचंच टाळायचा. झटका जायचा, पण दार, माणूस, झाड क्षणभर दिसायचंच नाही. मला तो पटला नाही. ज्या जगात मी ऐंशी तास राहिले तिथल्या भिंती उशिरा उगवाव्यात, यापेक्षा झटका परवडला.

खरा इलाज व्हल्कनमध्येच झाला. मार्च २०२२ मध्ये ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी हे एक्स्टेन्शन आलं. त्याने पाइपलाइनचे चार भाग केले: शिरोबिंदूंची, म्हणजे आकारांच्या कोपऱ्यांची, माहिती कशी येते तो एक, चित्राचे ठिपके पडण्याआधीचे शेडर हा दुसरा, ठिपक्याचा रंग ठरवणारा शेडर हा तिसरा, आणि रंग शेवटी कुठे आणि कसा लिहायचा हा चौथा. आता गेम लोड होताना शेडर हाती आला की त्याचा भाग तेव्हाच कंपाइल करून ठेवता येतो. ऐन वेळी चार तुकडे फक्त जोडायचे, आणि जोडणं झटपट होतं. जोडलेली पाइपलाइन कार्डावर किंचित संथ चालते, म्हणून तिची घोटीव आवृत्ती मागच्या मागे तयार होते आणि गुपचूप तिच्या जागी बसते. नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० ने हे वापरायला घेतलं.

मग २०२५ मध्ये माझ्याकडे झटके का? कारण मीच त्या गेमला जुनं प्रोटॉन ७ बांधून ठेवलं होतं. या गेमसाठी तेच चांगलं, अशी एक जुनी टीप मला सापडली होती, आणि ती लिहिली गेली तेव्हा ती बरोबरही असणार. प्रोटॉन ७ सोबत डीएक्सव्हीकेची १ ची मालिका येते, तिला हे चार तुकड्यांचं तंत्र ठाऊक नाही. बांधलेली आवृत्ती सोडली, स्टीमला त्याची चालू आवृत्ती निवडू दिली. आधीचे कॅश, म्हणजे पूर्वी कंपाइल करून साठवलेलं सगळं, पुसले, म्हणजे चाचणी प्रामाणिक होईल, आणि त्याच वेशीतून आत गेले. कोपरा, मशाल, पाऊस. काहीच नाही, नुसता पाऊस पडत राहिला. मी मुद्दाम तीनदा मागे जाऊन पुन्हा आले.

लिनक्सवरच्या गेमांबद्दलचा सल्ला फार लवकर शिळा होतो. दोन वर्षांपूर्वीची टीप आज अपाय करू शकते. कुठल्याही गेमला खास काही लावण्याआधी मी आता तो काहीही न लावता एकदा चालवते.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते, कारण तिचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. स्टीम लिनक्सवर शेडरचे आधी तयार केलेले संच उतरवून ठेवतं, त्यांना बरीच जागा लागते. झटके गेले म्हणजे आता या संचांची गरज नाही, असं वाटून मी ती सोय बंद केली. खेळात फरक पडला नाही. पण पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला जो मोठा चित्रपटासारखा प्रसंग येतो, तिथे टीव्हीच्या चाचणीचे असतात तसे उभे रंगीत पट्टे आले. आवाजही नाही. मला वाटलं गेमची फाइल बिघडली. फायली तपासून घेतल्या, ठीक निघाल्या. ड्रायव्हर मागे नेऊन बघितला, व्यर्थ.

कारण असं: गेममधले व्हिडिओ काही वेळा अशा स्वरूपात असतात की त्यांचा उलगडा करणारा कोडेक परवान्याच्या अडचणीमुळे प्रोटॉनसोबत देता येत नाही. म्हणून वाल्व्ह ते व्हिडिओ स्वतःकडे दुसऱ्या स्वरूपात बदलून घेतं आणि वापरणाऱ्याला पाठवतं. पाठवायची वाट कोणती, तर तीच, शेडरच्या संचांची. मी ती वाट बंद केली होती. बदललेला व्हिडिओ मिळाला नाही की प्रोटॉन त्या जागी रंगीत पट्टे दाखवतं. सोय परत चालू केली, स्टीमने थोडं काही उतरवलं, आणि तो प्रसंग सुरेख चालला. माझा सल्ला असा की जागा कमी असेल तर दुसरा एखादा गेम काढा, पण ती सोय बंद करू नका.

डायरेक्ट३डी १२ च्या गेमने, ज्याची मला सगळ्यात भीती होती, काहीच त्रास दिला नाही. तिथे डीएक्सव्हीके नसतं, व्हीकेडी३डी-प्रोटॉन असतं. मूळ व्हीकेडी३डी वाइनच्या छत्राखाली युझेफ कुचा यांनी उभं केलं. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. २०२० पासून त्याची प्रोटॉनसाठीची शाखा हान्स-क्रिस्टियन आर्न्ट्झेन पुढे नेत आहेत. डायरेक्ट३डी १२ स्वतःच व्हल्कनच्या वळणाचं आहे, पाइपलाइन तिथेही आधीच एकत्र सांगावी लागते, त्यामुळे वरचा झटक्यांचा पेच तिथे त्या रूपात येत नाही. अवघड आहे ते शेडरचं भाषांतर आणि कार्डाला लागणाऱ्या संसाधनांच्या याद्या सांभाळणं. माझ्या कार्डाच्या वयाला ते झेपलं. मध्यम सेटिंगवर मी तो शांतपणे खेळते. गर्दीच्या जागी फ्रेम पडतात, पण तिथे त्या विंडोजवरही पडायच्या.

त्या गर्दीच्या जागांमुळे मला एक वेगळी गोष्ट कळली. नवे गेम कामं अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटतात आणि ते थ्रेड एकमेकांसाठी सारखे थांबतात. विंडोजची ही थांबण्याची पद्धत लिनक्सच्या पद्धतीशी तंतोतंत जुळत नाही. पूर्वी वाइनला प्रत्येक वेळी त्याच मशीनवर चालणाऱ्या आपल्या मध्यवर्ती सर्व्हर प्रोग्रामकडे जावं लागायचं, मग त्यावर एकामागून एक तोडगे निघाले. एलिझाबेथ फिगुरा यांनी शेवटी विंडोजचीच पद्धत एनटीसिंक नावाने लिनक्स कर्नलमध्ये लिहिली, मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत ती पूर्ण स्वरूपात आली. गेमांसाठीची सोय थेट कर्नलात! चित्र तर बदलून मिळतंच आहे, आता त्यामागची वाट बघण्याची शिस्तही जुळते आहे.

चौथा गेम चालला नाही. तो चालण्यासारखा होता, हे मला लागतं. चित्र येतं, मेन्यू येतो, आवाज येतो, आणि सामन्यात शिरताना बाहेर काढलं जातं. त्याची फसवणूक-विरोधी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करते आणि वाइन कर्नल नव्हे. या कामाच्या दोन मोठ्या यंत्रणांनी, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी, २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी आधार दिला, पण तो वापरायचा की नाही हे गेम बनवणाऱ्यांनी ठरवायचं असतं. माझ्या गेमच्या कर्त्यांनी तो चालू केलेला नाही. इथे डीएक्सव्हीके काय, दुसरं कुणी काय, भाषांतर करून काही होणार नाही. मी मैत्रिणींना तसं सरळ सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी आठवड्यातला एक दिवस दुसरा, प्रोटॉनवर चालणारा गेम ठरवला. त्याचं मला अप्रूप वाटतं. पण ज्याचं आधीचं सगळं मित्रमंडळ अशाच गेमवर असेल, त्याला मी विंडोज पूर्ण काढून टाक असं सांगणार नाही.

रोल-प्लेइंग गेम मी तीन आठवड्यांनी पूर्ण केला. शेवटच्या लढाईत आग, पाऊस आणि धूर एकाच वेळी होता, सगळं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खालच्या कोपऱ्यात कंपायलरची ओळ अधूनमधून चमकून जात होती. काम चालू होतं, पण हाताला ते जाणवत नव्हतं. श्रेयनामावली संपेपर्यंत बसले.

दुसऱ्या दिवशी जुनं एनटीएफएस पार्टिशन उघडलं. अडीअडचणीला लागेल म्हणून ते तसंच ठेवलं होतं. सेव्हच्या फायली वेगळ्या डिस्कवर दोनदा कॉपी केल्या, उघडून खात्री केली, आणि ते पार्टिशन पुसून एक्स्ट४ केलं. भावाला फोनवर सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, “गाडीचा गेम आधी तिकडे हलवला होतास ना?”

हलवला होता. त्याचा सेव्हही.